डिलिव्हरीच्या कमाईवर कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा? कोणता आयटीआर (आयकर रिटर्न) भरायचा?

रायडर_हडपसर

नमस्कार मंडळी. पुण्यात दोन अ‍ॅपवर डिलिव्हरी करतो, एक जेवणाचं आणि एक किराण्याचं. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं २६एएस (आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा सरकारी उतारा) काढलं. जेवणाच्या कंपनीने ३,१२,४०० आणि किराण्याच्या कंपनीने १,६८,००० रुपये दिल्याचं त्यात दिसतं. टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापलेला कर, ३,१२४ आणि १,६८०, दोन्हीकडे कलम १९४सी. बँकेत मात्र वर्षभरात आले ४,२१,२९६. म्हणजे एकूण ४,८०,४०० आणि हातात आलेले, यात मोठी तफावत.

प्रश्न असे: आयटीआर-१ चालेल का? पेट्रोल आणि बाइकचा हप्ता वजा होतो का? यूट्यूबवर बघितलं की जेवढं अंतर चालवलं तेवढी वजावट मिळते, ते कुठे भरायचं? एक एजंट म्हणतो जीएसटी नंबर काढावाच लागेल, आणि त्याला दीड हजार दिले तर '८०सी वगैरे टाकून' जास्त रिफंड काढून देतो. खरं काय?

जमाखर्च

आधी एजंटचं. १९४सी खाली जेवढा टीडीएस कापला गेला, तेवढाच जास्तीत जास्त परत मिळू शकतो. तुमच्या बाबतीत ४,८०४ रुपये. त्यातले दीड हजार त्याला देऊन वर खोट्या वजावटी दाखवायच्या, आणि उद्या नोटीस आली की तिच्यावर नाव तुमचं. शिवाय नव्या करप्रणालीत ८०सी (विमा, पीपीएफ अशा बचतीवरची वजावट) मिळतच नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण तुमचा कर तसाही शून्य आहे.

जीएसटी नंबर लागत नाही. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. त्यातही २२ सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅपमार्फत होणारी स्थानिक डिलिव्हरी जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मध्ये घातली आहे. रायडरची नोंदणी नसेल तर १८ टक्के जीएसटी भरण्याची जबाबदारी अ‍ॅपवाल्या कंपनीची.

अंतरामागची वजावट ही अमेरिकेतली गोष्ट. तिथे २०२५ साठी मैलामागे ७० सेंट असा दर आहे, आणि त्यासोबत सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर मिळून १५.३ टक्के स्वयंरोजगार करही आहे. आपल्याकडे दोन्ही नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण तिच्यातलं अंशदान कंपनीने तिच्या उलाढालीवर द्यायचं आहे, ते आयकराच्या फॉर्ममध्ये येत नाही. तेव्हा ते व्हिडिओ सोडून द्या.

आता फॉर्म. आयटीआर-१ चालणार नाही, तो पगारदारांचा. १९४सी म्हणजे कंत्राटाचं काम, म्हणजे तुमचं उत्पन्न व्यवसायाचं. आयटीआर-४ घ्या, कलम ४४एडी. यात खर्चाचा हिशोब द्यावा लागत नाही. बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेचे किमान ६ टक्के आणि बाकीच्या रकमेचे किमान ८ टक्के हे उत्पन्न धरलं जातं. पेट्रोल, टायर, घसारा (गाडीच्या झिजेची वजावट), हप्त्यातलं व्याज हे सगळं उरलेल्या ९२-९४ टक्क्यांत आलं असं कायदा मानतो. वेगळं काही वजा करता येत नाही.

तफावतीचं उत्तर तुमच्या आठवड्याच्या पेआउट स्टेटमेंटमध्ये आहे. दोन गोष्टी बघा. कॅश ऑर्डरचे ग्राहकाकडून घेतलेले पैसे तुमच्याकडेच राहतात आणि कंपनी ते पेआउटमधून वळते करते, म्हणजे तुमची तेवढी कमाई रोखीत हातात आलेली असते. दुसरं, बॅग, टी-शर्ट, विमा, भाड्याची ई-बाइक यांची कपात. टीडीएस या कपातींच्या आधीच्या रकमेवर लागतो. म्हणून उलाढाल बँकेच्या पासबुकावरून घ्यायची नाही, २६एएसवरून घ्यायची. हिशोब असा:

बँकेत आलेले ४,२१,२९६ अधिक टीडीएस ४,८०४ = ४,२६,१००. याचे ६ टक्के २५,५६६.
उरलेले ५४,३०० (रोखीत वळते झालेले आणि कपातीचे). याचे ८ टक्के ४,३४४.
किमान उत्पन्न २९,९१०.

कपातीच्या रकमेला ६ लावायचे की ८, यावर वाद घालता येईल. ८ लावा. दोन टक्क्यांनी तुमच्या करात एक रुपयाचा फरक पडत नाही.

हिशेबी_मिरज

वरचं बरोबर आहे, पण २९,९१० भरून मोकळे होऊ नका. कलमात ६ टक्के 'किंवा प्रत्यक्षात त्याहून जास्त कमावले असतील तर ती रक्कम' असं आहे. ४.८ लाखांची उलाढाल करणाऱ्या रायडरला वर्षाचे तीस हजार सुटतात हे कोणालाच पटणार नाही. पेट्रोल, सर्व्हिसिंग, रिचार्ज, हप्त्यातलं व्याज जाऊन खरे अडीच-पावणेतीन लाख उरत असतील तर तेवढेच दाखवा.

त्याने नुकसान काय? काही नाही. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य, आणि कलम ८७एच्या ६०,००० रुपयांच्या सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतही भरावा लागत नाही. २९,९१० दाखवा की २,७०,०००, रिफंड तेवढाच, ४,८०४. फरक पडतो तो कर्जाच्या वेळी. बँक सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. तीस हजारांच्या उत्पन्नावर नवी बाइकसुद्धा मिळायची नाही, घर तर लांबच. मग लोक घाईघाईत एकाच वर्षी उत्पन्न दहापट करून भरतात आणि बँक नेमकं त्यावरच बोट ठेवते.

जमाखर्च

हिशेबी, मान्य. मी किमान आकडा दिला होता, दाखवायचा आकडा खरा असावा. फक्त एक जपा: यंदा ४४एडी घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत कधी ६-८ टक्क्यांच्या खाली उत्पन्न दाखवून बाहेर पडलात, तर त्यानंतर पाच वर्षं ४४एडी घेता येत नाही. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही मागे लागतं. रायडरवर ही वेळ सहसा येत नाही. येते ती अपघात, आजारपण किंवा गाडी बदलल्याच्या वर्षी.

भरायच्या वेळी माणसं जिथे अडकतात त्या जागा सांगतो.

जूनच्या मध्याआधी भरू नका. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण द्यायला कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत असते. एप्रिलमध्ये भरलं तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये अजून आलेलाच नसतो आणि तेवढा रिफंड मागे राहतो.

एआयएसची (पोर्टलवरच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या विवरणाची) पीडीएफ उघडत नसेल तर पासवर्ड म्हणजे छोट्या इंग्रजी अक्षरांत पॅन आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी सलग आठ आकड्यांत.

आयटीआर-४ मध्ये टीडीएसचा तक्ता आधीच भरून येतो, पण अर्धाच. प्रत्येक कंपनीच्या ओळीत एकूण रक्कम आणि उत्पन्नाचा प्रकार 'व्यवसाय' हे आपणच टाकायचं असतं. ते राहिलं की टीडीएस दिसतो, पण दाव्यात धरला जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथे: उलाढालीच्या रकान्यात बँकेतला आकडा ४,२१,२९६ टाकायचा आणि टीडीएस मात्र पूर्ण मागायचा. मग २६एएसमधली जमा रिटर्नपेक्षा जास्त दिसते आणि कलम १३९(९) खाली 'रिटर्न सदोष आहे' अशी नोटीस येते. उत्तराला १५ दिवस. घाबरायचं कारण नाही, उलाढाल दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं, पण वेळेत.

व्यवसायाचा कोड वाहतूक व लॉजिस्टिक्स गटातला 'इतर' निवडा. खाली येणं, देणं, शिल्लक माल, रोकड असे रकाने येतात. माल नाही तर शून्य, रोकड ३१ मार्चला हातात होती ती.

सबमिट केल्यावर आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय ३० दिवसांच्या आत. हे केलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा. पॅनवर 'पाटील' आधी आणि बँकेत शेवटी, अशा नावाच्या फरकानेही खातं अडकतं आणि रिफंड परत जातो.

स्वार_वाशी

यांना दोन्हीकडे १९४सी आहे म्हणून सोपं आहे. इतर रायडर हा धागा वाचत असतील तर आधी २६एएसमधलं कलम बघा, मग फॉर्म निवडा.

१९२ दिसत असेल तर तुम्ही मधल्या मनुष्यबळ कंपनीच्या पगारपत्रकावर आहात. तो पगार, आयटीआर-१.

१९४एच दिसत असेल तर कंपनीने पैसे कमिशन म्हणून दाखवलेत. कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी लागू नाही. कंपनीला विचारा, कलम चुकून लागलं असेल तर ती टीडीएस विवरण दुरुस्त करू शकते. नसेल तर आयटीआर-३, खरा नफा-तोटा, आणि मग पेट्रोलच्या पावत्या कामाला येतात. त्यात बाइकवर वर्षाला १५ टक्के घसाराही मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी निम्मा. घरच्या कामाला वापरता तेवढा वाटा सोडून द्यायचा.

काही जण ४४एडीए लावून ५० टक्के भरतात. ते डॉक्टर, वकील, सीए अशा ठरावीक व्यवसायांना आहे, डिलिव्हरीला नाही.

टीडीएस १ टक्क्याऐवजी २० टक्के कापला असेल तर कंपनीकडे पॅन पोचलेला नाही किंवा पॅन-आधार जोडलेलं नाही. जोडल्याने पुढची २० टक्क्यांची कपात थांबते. पॅन दिलाच नसेल तर आधी कापलेला टीडीएस तुमच्या २६एएसमध्ये येतच नाही. कंपनीने पॅन घालून विवरण दुरुस्त केल्यावरच तो मागता येतो.

आणि भावाच्या, मित्राच्या आयडीवर चालवणाऱ्यांनो, टीडीएस त्याच्या पॅनवर जातो आणि उत्पन्नही त्याच्याच एआयएसमध्ये उमटतं. रिफंड तुम्ही मागू शकत नाही, आणि तो नोकरीला असेल तर त्याच्या रिटर्नमध्ये तुमची कमाई येऊन बसते. यावर फॉर्ममध्ये इलाज नाही, आयडी स्वतःची करून घ्या.

फावल्या वेळात फोनवर ऑप्शन खेळणाऱ्यांसाठी: एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) किंवा इंट्राडे असेल तर आयटीआर-४ बंद, आयटीआर-३ भरा. तोटा झाला तरी.

रायडर_हडपसर

सगळ्यांचे आभार. हप्त्याचं व्याज आणि पेट्रोल धरून खरा आकडा काढतो, २,६०,०००च्या आसपास येईल. दोन गोष्टी अजून. मागच्या दोन वर्षांचं रिटर्न भरलंच नव्हतं, टीडीएस तेव्हाही कापलेला आहे. तो बुडाला का? आणि पुढे कापूच नये म्हणून १५जी देता येतो का?

हिशेबी_मिरज

१५जी इथे चालत नाही. तो बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक उत्पन्नांसाठी आहे, १९४सी त्यात नाही. कमी कपातीचं प्रमाणपत्र मागता येतं, पण ४,८०० रुपयांसाठी तो खटाटोप कोणी करत नाही. दर वर्षी कापू द्यायचा आणि परत घ्यायचा.

मागची वर्षं: आयटीआर-यू भरू नका. अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागताच येत नाही, आणि ही गोष्ट न सांगता पैसे घेणारे बरेच आहेत. मार्ग कलम ११९(२)(बी)चा, म्हणजे उशीर माफ करण्याचा अर्ज. पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये कंडोनेशन रिक्वेस्ट आहे. त्यातला, मुदत उलटल्यावर रिटर्न भरू देण्याचा पर्याय निवडा. कारण, २६एएस आणि बँक स्टेटमेंट जोडायचं. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षं मुदत. २०२३-२४च्या कमाईचं निर्धारण वर्ष २०२४-२५, म्हणून ३१ मार्च २०३० पर्यंत अर्ज करता येईल. २०२४-२५च्या कमाईसाठी ३१ मार्च २०३१. मंजुरीचा आदेश आला की त्याचा क्रमांक आणि तारीख टाकून त्या वर्षीचं रिटर्न भरायचं. कारणात 'माहिती नव्हती' एवढंच लिहिलं तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. आजारपण, अपघात, घरातली अडचण असेल तर कागदासकट लिहा.

यंदाचं मात्र चुकवू नका. मूळ मुदत गेली तरी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं आणि रिफंडही मिळतो. करमुक्त मर्यादेच्या आत उत्पन्न असेल तर उशिराचं शुल्कही नाही. त्याच्या वर आणि पाच लाखांपर्यंत १,०००, पाच लाखांवर ५,०००.

नाइटशिफ्ट_ठाणे

दिवसा नोकरी, संध्याकाळी डिलिव्हरी असेल तर? पगार ६ लाख, डिलिव्हरीचे २६एएसमध्ये १.२ लाख.

जमाखर्च

आयटीआर-४ मध्येच दोन्ही बसतं. पगारातून ७५,००० प्रमाणित वजावट, म्हणजे ५,२५,०००. डिलिव्हरीवर ती वजावट मिळत नाही. त्यात खरा नफा, समजा ७०,०००, मिळवा. ५,९५,०००, कर शून्य, १,२०० रुपये परत. मालकाच्या फॉर्म १६ (पगाराच्या टीडीएसचा दाखला) मध्ये डिलिव्हरी येणार नाही, ती स्वतः घालायची.

मात्र व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुन्या करप्रणालीत जायचं तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए द्यावा लागतो, आणि एकदा परत नव्यात आलात की जुन्याचं दार बंद. नुसत्या पगारदारासारखं दर वर्षी बदलता येत नाही. गृहकर्जाचं व्याज मोठं असेल तर हे आधी मांडून बघा. पगार मोठा असून टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघणार असेल, तर ४४एडीवाल्यांनी तो आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो.

एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय. पुढच्या वर्षी २६एएसमध्ये १९४सी शोधत बसू नका, कलमांचे क्रमांक बदललेत. यंदाच्या रिटर्नला जुनेच.