आमच्या गटाच्या कागदांची वेबसाइट करायची आहे. नावं लिहायची की झाकायची?

खिळेजुळारी
नमस्कार. मी पुण्यात राहते, वय 59. आयुष्यभर डीटीपीचं काम केलं. 1994 साली मला एका मनोरुग्णालयात 11 आठवडे ठेवलं होतं. भूल न देता शॉक दिले. किती दिले ते आजही माहीत नाही, कारण तेव्हा विचारायची सोयच नव्हती. पुढे 1998 मध्ये आम्ही सात-आठ जण दर शनिवारी भेटायला लागलो. एका शाळेतला वर्ग संध्याकाळी मिळायचा. डॉक्टर नाहीत, समाजसेवक नाहीत, नातेवाईकसुद्धा नाहीत. फक्त आत दिवस काढलेली माणसं. हे 2009 पर्यंत चाललं.

त्या सगळ्या वर्षांची चार खोकी माझ्याकडे आहेत. आमचं चार पानी पत्रक (श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच टाइप करायचे), हजेरीची वही, चहाच्या वर्गणीचा हिशेब, सरकारला केलेले अर्ज, फॅक्स आणि 22 कॅसेट. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवलेले 28 जण गेले, पळता आलं नाही म्हणून. त्या शनिवारच्या बैठकीची कॅसेट आहे. त्यात जवळजवळ दहा मिनिटं कुणीच बोलत नाही, नुसता पंख्याचा आवाज येतो. भाचा म्हणाला, एवढा भाग कापून टाकू. मी नाही म्हटलं. आम्ही त्या दिवशी काय केलं, तर गप्प बसलो होतो. तेही ऐकू यायला हवं.

वेबसाइट एवढ्यासाठी की मानसिक आरोग्याचा इतिहास वाचायला घेतला की 1912 चा ब्रिटिश काळातला ल्युनसी अ‍ॅक्ट येतो, 1987 चा कायदा येतो, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या इमारती येतात, डॉक्टर येतात. आम्ही येतो ते खाटांच्या संख्येत. आम्ही अर्ज लिहिले, भांडलो, एकमेकांना रात्री-अपरात्री फोन करून जगवलं, हे कुठेच नाही.

आता अडचण. आत असताना मला खाटेच्या नंबरानं हाक मारायचे. म्हणून वेबसाइटवर मला माझं नाव पूर्ण हवं आहे, आडनावासकट. पण माझी एक मैत्रीण होती, तिनं मला लिहिलेली 17 पत्रं आहेत. चारही खोक्यांत तिच्याइतकं चांगलं कुणी लिहिलेलं नाही. ती 2006 मध्ये गेली. ती आत होती तेव्हा घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की नोकरीसाठी मुंबईला आहे. तिच्या पत्रांचं काय करू?

दप्तरखाना
ताई, पत्रांचं नंतर. आधी आज संध्याकाळी फॅक्स बाहेर काढा. त्या काळातले फॅक्स बहुतेक थर्मल कागदावर असायचे आणि त्यावरची अक्षरं उडून जातात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले असतील तर आणखी लवकर. मी 26 वर्षं एका ग्रंथालयात जुनी कागदपत्रं सांभाळली. वाळवीनं, कसरीनं खाल्लेल्या कागदाचंही काही ना काही उरतं, थर्मल फॅक्सचं मात्र पांढरं पान उरतं.

मजकूर 300 डीपीआयला, फिकट झालेलं आणि फोटो 600 ला, रंगीतच स्कॅन करा. मूळ प्रत टिफ या फाइल प्रकारात ठेवा, वेबसाइटसाठी तिच्यावरून लहान फाइल काढा. गंजलेल्या पिना ओढू नका, आधी पाय सरळ करून घ्या. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही दात मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून मगच लावा. आवाज वेव्ह फाइलमध्ये साठवा.

खोक्यांतला क्रम बदलू नका. चहाचा हिशेब अर्जांच्या मधे असेल तर तसाच नोंदवा, त्या दिवशी ते एकत्र झालं होतं. वेबसाइटसाठी ओमेका बघा, फुकट आहे, संग्रहांसाठीच केलेलं आहे. प्रत्येक वस्तूला तारीख, कर्ता, विषय अशा 15 ठरलेल्या नोंदी असतात. सोळावी तुमची स्वतःची घाला : परवानगी. कुणी दिली, कधी दिली, कशापुरती दिली.

पश्चिमकिनारा
मी व्हँकुव्हरला राहतो. इथे 1971 मध्ये मेंटल पेशंट्स असोसिएशन सुरू झाली, लॅनी बेकमन आणि त्यांच्यासारखेच उपचार घेतलेले लोक. कुणीही कधीही येऊन बसावं अशी जागा होती, राहायला घरं होती. बैठकीत मत मांडायचा हक्क सगळ्यांना, काम कुणी करायचं तेही मतदानानं ठरायचं. त्यांचंही एक पत्रक होतं. पुढे इतिहासकार मेगन डेव्हिस यांनी जुन्या सदस्यांना बरोबर घेऊन हा इतिहास गोळा केला, त्यातून माहितीपट आणि वेबसाइट झाली. सदस्य तिथे माहिती देऊन बाजूला झाले नाहीत, काय सांगायचं हे ठरवायलाही बसले. तुमच्या गटातले जे हयात आहेत त्यांना आधी बोलवा असं मला वाटतं, पहिलं पान लिहायच्याही आधी.

नावांबद्दल. न्यूयॉर्क राज्यात विलर्डच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या माळ्यावर 1995 मध्ये रुग्णांच्या 400 हून जास्त सुटकेस सापडल्या. आत कपडे, पत्रं, फोटो. त्यांचं प्रदर्शन झालं, पण बऱ्याच जणांची पूर्ण नावं छापता आली नाहीत, गोपनीयतेमुळे. ज्यांची नावं आयुष्यभर कुणी घेतली नाहीत, ती मेल्यावरही झाकलेलीच राहिली. तुमचं नाव पूर्ण लिहा.

एका_बहिणीचा_भाऊ
मी शुभंकर म्हणून, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारा म्हणून लिहितो. बहीण 30 वर्षं आजारी आहे. तुमच्याबद्दल आदर आहे, पण नाव गुगलवर गेलं की परत येत नाही. आमच्याकडे भाचीचं लग्न दोनदा मोडलं, कुणीतरी "त्यांच्याकडे येरवड्याची केस आहे" असं सांगितलं म्हणून. मैत्रिणीच्या घरच्यांनी खोटं सांगितलं, ते वाईटच. पण त्यांच्यावर तेव्हा काय आलं असेल तेही बघा. त्यांना न विचारता पत्रं टाकू नका.

खिळेजुळारी
दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. रागानं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मला मागच्या खोलीत बसवलं होतं. तेव्हापासून मी घरच्यांची भीती म्हणजे माझ्यावरचा अन्याय एवढंच धरून चालले. ती भीती त्यांचीही होती, हे मी कधी लिहिलं नाही. आमच्या पत्रकाच्या एकाही अंकात नाही. पण एक सांगते. ती पत्रं तिची आहेत, घराची नाहीत. विचारीन, पण हे मनात ठेवून विचारीन.

कलम_पंचवीस
मी या विषयात वकिली करते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. कलम 23 गोपनीयतेचं. कलम 24 प्रमाणे रुग्णालयात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही गोपनीयता आहेच. तुमचा गट म्हणजे रुग्णालय नव्हे, त्यामुळे हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तरी हाच दंडक धरा. संमती लेखी घ्या आणि ती मागे घेता येईल असं त्यात लिहा.

एक चूक फार होते. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढतात, पण खालची अक्षरं तशीच असतात. कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की नाव दिसतं. पट्टी चित्रावरच मारा आणि नवीन फाइल करा. नाव झाकून गल्लीचं नाव, ऑफिसचं नाव ठेवलंत तरी माणूस ओळखू येतो.

आणि कलम 25 तुमच्यासाठी. स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागायचा हक्क आहे. 1994 चे कागद शिल्लक असतील तर शॉक किती दिले ते त्यांत सापडू शकेल. भूल न देता शॉक देणं आणि साखळीनं बांधणं, दोन्हींवर कलम 95 नं बंदी आली आहे. तुमचे जुने अर्ज याच मागण्यांचे असतील तर त्यांच्याशेजारी ते कलम लावा.

खिळेजुळारी
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांत झालेलं सांगते.

31 फॅक्स होते. 9 कोरे निघाले. बाकीचे स्कॅन झाले. कोऱ्या नऊंचेही फोटो काढलेत, मागच्या बाजूला माझ्या अक्षरात तारीख आहे, तेवढ्यावरून नोंद होईल.

गटातले पाच जण भेटले. तिघांना पूर्ण नाव हवं, एकीला फक्त पहिलं. एक जण म्हणाला नाव नको, आवाज ठेवा, मला माझा आवाज आवडतो. रुग्णालयाकडे नोंदींसाठी अर्ज दिलाय, पोच घेतली.

मैत्रिणीच्या बहिणीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. पत्रं आहेत हे तिला माहीतच नव्हतं. रडली. मग म्हणाली, आई आहे तोवर नको. मी ठीक आहे म्हटलं. वेबसाइटवर त्या जागी नोंद अशी असेल : "पत्रं, 17. 1999 ते 2006. हाताने लिहिलेली, निळी शाई. सध्या बंद." बहिणीला झेरॉक्स काढून पाठवल्यात.

आता फक्त फ्लॉपी उरल्या. पत्रकाच्या फाइल श्री-लिपीत आहेत, आजच्या संगणकांना चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदललं की जोडाक्षरं आणि रफार फुटतात. छापील अंक टेसरॅक्टमधून (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) वाचून घेतले, तर वेलांटी-उकाराच्या चुका येतात. अंक 58 आहेत. कुणी दोन्हीकडून आलेला मजकूर ओळीला ओळ लावून तपासायला बसेल का? मी रोज दुपारी 2 ते 5 मोकळी असते.