बाराबंदीतलं पोर 'संस्कृती', सुपाशेजारचं पोर 'गरिबी'?

पूर्वभागकर: आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी कॅमेरेवाले येतात, त्याचं काही नाही. यंदा एकजण आमच्या गल्लीत शिरला. ताई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती, शेजारी माझी भाची शेंगाचटणी-भाकरी खात होती. चार दिवसांनी फोटो इन्स्टाग्रामवर, खाली ओळ 'हरवलेलं बालपण'. अहो, पोरगी चौथीत आहे, शाळेतून येऊन जेवत होती! त्याच माणसानं यात्रेतला पांढरा पोशाख, बाराबंदी, घातलेल्या पोराच्या फोटोखाली लिहिलंय 'सोलापूरची ओळख'. मग घरात तेलुगू बोलणारी आमची पोरगी कुठली? लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नयेत, असं माझं मत.

फिरता कॅमेरा: तो मी नव्हे, आधीच सांगतो. पण विचारलं की पोरं दोन बोटं वर करून उभी राहतात, फोटो तिथंच मेला. बापानं यात्रेतली नंदीध्वजाची उंच काठी पेललीय आणि पोर मान वर करून बघतंय, हे विचारून मिळत नाही. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या चाळीचा एक फोटो घरात नाही. कुणी न विचारता काढला असता तर आज पाया पडलो असतो.

पूर्वभागकर: काढा की, मग विचारा. आई हातभर अंतरावर होती.

काळा कोट: रस्त्यावर फोटो काढायला सरसकट कायदेशीर बंदी नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलांची ओळख उघड करू नका म्हणतं, पण ते चौकशी-खटल्यात आलेल्या मुलांसारख्या प्रकरणांपुरतं. इथं प्रश्न रीतीचा आहे.

कडक भाकरी: हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवते? फोटो 1984 चा, पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीतला. 1985 ला नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला कळलं 2002 ला. तोवर तिनं स्वतः तो फोटो पाहिलाही नव्हता.

फिरता कॅमेरा: त्या फोटोमुळे जगाला निर्वासित दिसले, तेही धरा की.

सम्मती कट्टा: मला यात ढोंग दिसतं. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला आपणच पोरांना नटवून रील टाकतो, तेव्हा पोराला कोण विचारतं? खरं सांगा, अडचण फोटोची आहे का बिडीची?

पूर्वभागकर: बिडीची लाज असती तर इथं लिहिलं असतं का? आईनं त्याच सुपावर आम्हा तिघांना शिकवलं. फोटो झकास आहे हो. ताईला भिंतीवर लावायला हवा होता. खालची ओळ वाचून दाखवली, तर म्हणाली, "राहू दे."

सम्मती कट्टा: हं. रीलचं उत्तर मात्र आलं नाही.

फिरता कॅमेरा: त्या माणसाकडून मूळ फाइल मागून घ्या, प्रिंट मी काढून देतो. ओळीशिवाय. बाकी आधी विचारायचं म्हणाल तर मला अजून पटलेलं नाही.