टीका, निंदा आणि ‘भीडस्तपणा’

प्रश्न : आमच्या मंडळीतील तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी ‘वैयक्तिक टीकेला ख्रिस्ती माणसाने कसे उत्तर द्यावे’ या विषयावर एक टिपण तयार करावयाचे आहे. मसुद्यात ‘टीका’ आणि ‘निंदा’ हे शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत. ते चालतील का? शिवाय बायबलमधील १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्यावे असे आहे. भीडस्त माणूस उत्तर देतच नाही, असे वर्गातील मुलांचे म्हणणे पडले.

उत्तर : चालणार नाहीत, कारण टिपणाचा सगळा विषयच या दोन शब्दांमधील अंतरावर उभा आहे. ‘टीका’ हा मूळचा विवरणाचा शब्द. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो, तेव्हा ज्ञानदेवांनी गीतेला नावे ठेवली असे कोणी समजत नाही. आज त्याला दोष दाखवण्याचा अर्थ चिकटला असला, तरी टीका अजूनही कशा‘वर’ तरी होते, म्हणजे तिच्यापुढे एखादे कृत्य किंवा विधान असते आणि त्याची शहानिशा करता येते. निंदा मात्र कोणा‘ची’ तरी होते. तिथे तपासण्यासारखे फारसे काही नसते. ‘वैयक्तिक टीका’ ही या दोहोंच्या सीमेवरची गोष्ट असल्यामुळेच तिला उत्तर देताना गोंधळ उडतो.

बायबलमधील दावीद राजाच्या चरित्रात दोन्ही गोष्टी सापडतात. दाविदाने बथशेबा या परस्त्रीशी व्यभिचार करून तिच्या नवऱ्याला मारवले, त्यानंतर नाथान संदेष्टा त्याला तोंडावर सांगतो की तो मनुष्य तूच आहेस, आणि राजा असूनही दावीद एका वाक्यात आपले पाप कबूल करतो (२ शमुवेल १२). पुढे आपला मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे यरुशलेम सोडून पळत असताना बहूरीम गावाजवळ शिमी नावाचा माणूस त्याला शिव्याशाप देतो, धोंडे मारतो, धूळ उधळतो. दाविदाचा सरदार अबीशय म्हणतो, या मेलेल्या कुत्र्याचे डोके उडवू द्या; दावीद त्याला आवरतो आणि कदाचित परमेश्वरानेच याला शाप द्यायला सांगितले असेल, असे म्हणून वाट चालू लागतो (२ शमुवेल १६). पहिल्या प्रसंगात कबुली आहे, दुसऱ्यात ना कबुली ना प्रत्युत्तर. मात्र मरणसमयी त्याच दाविदाने आपला मुलगा शलमोन याला शिमीची आठवण करून देऊन त्याला शिक्षा केल्याशिवाय सोडू नकोस असे सांगितले, हेही १ राजे २ मध्ये लिहिलेले आहे. प्रवचनांत हा भाग बहुधा गाळला जातो. आपण तो गाळू नये, कारण गप्प राहिलेल्या माणसाने क्षमा केलीच असे नव्हे, हे त्याशिवाय मुलांना कळणार नाही.

आता ‘भीडस्तपणा’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भय, आणि त्या वाक्यात तो देवाविषयीचे भय किंवा समोरच्याविषयीचा आदर अशा अर्थाने घेतला जातो. ‘भीड’ या शब्दात ही आदराची छटा होतीच. ‘वडीलधाऱ्यांची भीड ठेवावी’ या बोलण्यात ती अजून शिल्लक आहे. पण ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण जिभेवर असलेल्या पिढीला भीडस्त म्हणजे संकोची, नाही म्हणू न शकणारा एवढेच दिसते. टिपणात वचन आहे तसे ठेवून पुढे ‘आदराने’ असा खुलासा करावा.

शंका : परंतु १ पेत्र २:२३ मध्ये ख्रिस्ताने निंदेला उलट निंदेने उत्तर दिले नाही असे आहे. मग ख्रिस्ती आदर्श मौनाचाच ठरत नाही का?

उत्तर : ‘उलट निंदा केली नाही’ आणि ‘उत्तर दिले नाही’ यांत फरक आहे. महायाजकापुढे एका शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नसेन तर का मारतोस, असे सरळ विचारले (योहान १८:२३). यात शिवी नाही आणि माघारही नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण हवे असल्यास ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे घ्यावे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन, म्हणजे विधवा व मुलींची शाळा-वसतिगृह, पुढील वर्षी पुण्यात आले आणि १८९३ पर्यंत वादात सापडले. विरोधकांनी ‘रेव्हरंड’ आणि विधवेसाठीचा हिणकस शब्द ‘रंडा’ जोडून ‘रेव्हरंडा’ अशी कोटी केली, ती निव्वळ निंदा होती. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, हा आक्षेप मात्र टीकेच्या सदरात मोडतो; रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही त्यामुळे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची भूमिका अशी होती की आपण कोणावर धर्म लादत नाही, परंतु स्वतःची प्रार्थना दार लावून लपवणारही नाही. ही भूमिका कोणाला पटेल, कोणाला नाही. कोटी आणि आक्षेप यांना एकाच मापाने मोजता येत नाही, एवढे तरी त्यावरून मुलांना दाखवता येईल.

शीर्षकात ‘प्रत्युत्तर’ऐवजी ‘उत्तर’च राहू द्यावे. ‘प्रत्युत्तर’ म्हटले की वाचक आधीच बाह्या सरसावून बसतो.