बहिणीच्या संसारात पडलेल्या बाईवर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो का? (सांगली) मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, तिला विचारूनच लिहितेय. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे दिवाणी कामं करणारं कुणी इथे असेल तर कृपया उत्तर द्या.

बहीण तासगाव तालुक्यात दिलेली. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. शेडवर बायका लावणं, प्रतवारी करून घेणं, बॉक्स भरून कोल्ड स्टोरेजला पाठवणं, हिशेबाची वही, सगळं ती बघायची. सौदे आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, नवऱ्याकडे. त्याच व्यवहारातून एका बाईशी ओळख झाली आणि पुढे संबंध. ही बाई बहिणीच्या घरी हळदीकुंकवाला येऊन गेलेली आहे. लग्न झालेलं माहीत नव्हतं, असं तिला म्हणताच येणार नाही. नवऱ्याने जुना मोबाईल मुलाला अभ्यासाला दिला, त्यात मेसेज सापडले. ‘तिला माहेरी घालव, मग पुढचं बघू’ असं त्या बाईनेच लिहिलंय. बेदाण्याच्या पट्टीतून तिच्या खात्यावर रकमाही गेल्या आहेत.

पोलिसांनी सांगितलं, व्यभिचाराचा कायदाच गेला. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ४९७ रद्द केलं, हे मलाही ठाऊक आहे. गावात मात्र अजून म्हणतात, ‘तो कायदा असता तर त्या बाईला आत टाकलं असतं.’ हे खरं नाही. त्या कलमात तक्रारीचा हक्क नवऱ्याला होता आणि शिक्षा परपुरुषाला. बायकोच्या हातात तेव्हाही काहीच नव्हतं. या गोष्टीची मला फार चीड येते.

आता वाचलं की सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका पत्नीचा तिसऱ्या व्यक्तीविरुद्धचा नुकसानभरपाईचा दावा चालू शकतो असं म्हटलंय. जोडीदाराचं प्रेम जाणूनबुजून तोडणं हा दिवाणी अपराध ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयही २०१३ मध्ये बोललं होतं. पण इथल्या एका वकिलांनी ‘दिल्लीचं दिल्लीत’ म्हणून विषयच संपवला.

बहिणीला घटस्फोट नको आहे. मुलगा दहावीला आहे, बाग तिने उभी केली आहे, ती का सोडेल? तिला एवढंच हवंय की त्या बाईने कोर्टात उभं राहून उत्तर द्यावं. असा दावा सांगलीत दाखल होईल का? कुठल्या कोर्टात? आणि किती रकमेचा?

प्रतिसाद १

ताई, दाखल करता येईल. पण दिल्लीच्या आदेशाचा अर्थ नीट समजून घ्या. कोर्टाने दावा ऐकण्याजोगा आहे म्हणून समन्स काढलं, तेवढंच. तो भरपाई मंजूर करणारा निकाल नव्हे. सांगलीच्या न्यायाधीशांवर तो बंधनकारक नाही, तरी युक्तिवादात नक्की दाखवता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सांगली-सातारा त्याच्याच कक्षेत येतात, म्हणजे प्रश्न वर गेला तरी मुंबईची वारी नाही.

दावा कौटुंबिक न्यायालयात नाही, दिवाणी न्यायालयात. ती बाई राहते तिथे किंवा नुकसान घडलं तिथे. खरी अडचण पुराव्याची. तिने मुद्दाम संसारात ढवळाढवळ केली, त्यामुळेच नवरा दुरावला आणि झालेलं नुकसान पैशात मोजता येतं, ही तिन्ही टोकं जुळवावी लागतात. समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल, ‘नवरा स्वतःच्या मर्जीने आला.’ म्हणून ‘माहेरी घालव’ हा मेसेज फार मोलाचा. तो फोन फॉरमॅट करू नका, दुसऱ्याच्या हातात देऊ नका. मेसेज हा इलेक्ट्रॉनिक पुरावा, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

रक्कम रागाच्या भरात ठरवू नका. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते. महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या कामांत स्त्रियांना फी माफ आहे. हा दावा त्यात बसवता येतो का, हे आधी विचारून घ्या. मुदतीसाठी तीन वर्षांच्या भरवशावर राहू नका, काही भरपाईच्या दाव्यांना एकच वर्ष असतं.

घटस्फोट न घेता निवारा आणि खर्च हवा असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, पण तो नवऱ्यावर चालतो, त्या बाईवर नाही. नवरा आणि त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या छळाच्या पूर्वीच्या कलम ४९८अ मध्येही ती येत नाही. प्रेयसी म्हणजे नवऱ्याची ‘नातेवाईक’ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. आणखी एक. झालं गेलं माफ केलं असं लेखी कुठेही देऊ नका. उद्या व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागायची वेळ आली तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ तेच पुढे करतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. आणि ते मेसेज भावकीच्या ग्रुपवर टाकू नका, उलट अब्रुनुकसानीचा खटला अंगावर येईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. प्रमाणपत्राचं आणि माफीचं कुणीच सांगितलं नव्हतं. भावकीची बैठक बसवून ‘माफ केलं’ असं लिहून घ्यायचं सासरी चाललंच आहे. बहिणीला आजच फोन करून सही करू नको म्हणून सांगते.

एकच राहिलं. दिल्लीच्या दाव्यात नवराही प्रतिवादी होता असं वाचलं. बहिणीला नवऱ्याला त्यात ओढायचं नाही. फक्त त्या बाईवर दावा टिकेल का? की पट्टीच्या रकमांचा हिशेब कोर्टापुढे यावा म्हणून त्याला घ्यावंच लागेल?