प्रतिसाद : मॉन्टेसरी शहरातल्या पैसेवाल्यांसाठीच?

वर एका ताईंनी लिहिलंय की मॉन्टेसरी (लहान मुलांनी स्वतः हाताने करून शिकायची पद्धत) वगैरे शहरातल्या पैसेवाल्यांचं, खेड्यात त्याचं काय काम. आजची फी बघितली तर त्यांचं खरं वाटतं, पण मूळ तसं नाही. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब मजूरवस्तीत ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरीबाईंनी पहिलं बालगृह काढलं, आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या पोरांसाठी. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जवळच्या कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. इथे वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्याच वर्षी नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या हाताच्या कामातून शिकवायच्या पद्धतीची, व्याप्ती सात वर्षांखालच्या मुलांपर्यंत नेली गेली, हे तर विदर्भातल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं.

महागड्या साहित्याची अट तर मुळीच नको. आमच्याकडच्या अंगणवाडीत सेविकाताई तूर, हरभरा आणि सरकी एकत्र करून सुपात देतात. चार वर्षांची पोरगी एकेक दाणा चिमटीत धरून तीन वाट्यांत वेगळा करते, चुकला तर स्वतःच परत उचलते आणि ताई मधे बोलत नाहीत. हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते. अडचण साहित्याची नाहीच. कापूस वेचणीला लागला की पोरं मायसोबत वावरात जातात, अंगणवाडी ओस पडते. आणि जी येतात त्यांचे बाप विचारतात, "बाई, पोराले एबीसीडी कवा येईन?" त्यांना महिन्यातून एकदा आत बसवून ते सूप दाखवायला हवं.