हिरड्यांतून रक्त येत असताना दात साफ करून घ्यावेत का?

साखळीची सून

नमस्कार. माझ्या सासूबाईंनी साठी ओलांडली आहे. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे, आणि रोज सकाळी मिसरी लावण्याची सवय त्यांना माहेरापासूनची आहे. अलीकडे घास चावताना, कधी नुसती चूळ भरतानाही त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, तोंडाला वास येतो आणि खालचे पुढचे दात थोडे हलतात. दंतवैद्यांनी आधी दात यंत्राने साफ करून घ्यायला सांगितले आहे. पण एकदा मशीन लावले की चांगले दातही ढिले होतात, असे शेजारच्या बायका ठामपणे सांगतात आणि सासूबाईंचा त्यांच्यावरच विश्वास आहे. रक्त येते म्हणून त्यांनी ब्रश करणेही सोडले आहे. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या रोज घेतात, त्यामुळे मलाही धीर होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दंतवैद्य, म्हापसा

ताई, दात साफ करून घ्यायला सांगितले ते योग्यच आहे आणि त्यात आता उशीर करू नये. दातांवर जंतूंचा जो चिकट थर रोज बसतो, तो वेळीच निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो, आणि एकदा का ते कीटण झाले की ब्रशने कितीही घासले तरी निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत जास्त साचते, कारण जिभेखाली लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. सासूबाईंना उजेडात जीभ वर उचलायला सांगून पाहा. हिरडीला लागून पिवळसर किंवा काळपट कडा दिसली तर तेच ते. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली शिरतात, हिरडी सुजते, रक्त येते, आणि दुर्लक्ष होत राहिले की दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. नुसती सूज असेपर्यंत हिरडी पूर्ववत होते. झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

साफसफाईने दात हलतात हा समज कुठून आला, तेही सांगतो. हाड आधीच झिजलेले असते, पण कीटणाच्या थराने शेजारचे दात एकमेकांना बांधल्यासारखे उभे असतात. ते काढले, सूज उतरली की फटी उघड्या पडतात, गार पाणी काही दिवस झोंबते आणि मुळातच हलणारा दात हलताना जाणवतो. दोष आजाराचा असतो, आळ मात्र यंत्रावर येतो. यंत्राचे टोक बारीक कंपनांनी आणि पाण्याच्या फवाऱ्याने कीटण सुटे करते, दात घासून झिजवत नाही.

रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिचे नाव आणि साखरेचा ताजा अहवाल दंतवैद्यांना दाखवावा. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायचे की नाही, ते तेच ठरवतील. साखर चढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात येणे कठीण होते, म्हणून दोन्ही उपचार बरोबरच चालवावे लागतात.

फोंड्याची शिक्षिका

वरील उत्तरात मिसरीचा उल्लेख राहिला, म्हणून लिहिते. गोव्यात गुटख्यावर २००५ सालीच बंदी आली, पण मिसरी घरच्या तव्यावर भाजली जाते, आणि ती तंबाखूच असली तरी आमच्या आयाबायांना ते दातांचे मंजन वाटते. माझ्या आईलाही तसेच वाटे. दाढ ठणकली की ती मिसरी दाबून बसायची, कारण तेवढ्यापुरते बरे वाटे. दुखणे आतल्या आत वाढतच होते. तिला रागावून काहीच साधले नाही. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात डॉक्टरांनी आरसा हातात देऊन हिरडी कशी दातापासून सुटली आहे ते दाखवले, तेव्हा कुठे तिने स्वतःहून डबी बाजूला ठेवली. तिथे हिरड्यांच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि खर्चाची चिंता असेल तर सरकारी इस्पितळ म्हणून तो पर्याय जरूर विचारात घ्यावा. सासूबाई मिसरी जिथे लावतात, तिथे गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा आहे का, हेही तपासून घ्या.

साखळीची सून

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. आरशाची गोष्ट त्यांनी दोनदा विचारली आणि यायला तयार झाल्या. तोपर्यंत ब्रश करावा की नको?

दंतवैद्य, म्हापसा

करावाच. रक्त येते म्हणून ब्रश सोडला की थर वाढतो आणि रक्त आणखी येते. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा, तो पेन धरतो तसा बोटांत हलका धरावा, केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरके टेकवावेत आणि जागच्या जागी बारीक हालचाल करून मग दाताच्या टोकाकडे उतरवावेत. आडवे जोरजोरात घासू नये. फ्लोराइडची साधी टूथपेस्ट पुरे. मीठ आणि कोळशाची पूड नको. दिवसातून दोनदा, दोन दोन मिनिटे, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. दातांत फटी असतील तर त्यांतून फिरवायचा बारीक ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. कोणत्या जाडीचा घ्यायचा ते साफसफाईनंतर विचारावे. सुरुवातीला थोडे रक्त दिसेल, त्याने घाबरू नये. नियमित घासण्याने ते हळूहळू कमी व्हायला हवे.

भेटीची वेळ सकाळची घ्यावी, आणि सासूबाईंनी नेहमीची न्याहारी व मधुमेहाचे औषध घेऊनच यावे. उपाशीपोटी खुर्चीत बसले की साखर उतरण्याचा धोका असतो. चट्टा दिसला आणि तो दोन आठवड्यांत गेला नाही, तर मात्र साफसफाईच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावा.