जुनाट कंबरदुखीत नेमके काय तपासायचे?

चर्चाप्रस्ताव (फिजिओथेरपिस्ट, नाशिक)

गेल्या महिन्यात बावन्न वर्षांच्या एक बाई पाच वर्षांत काढलेले तीन एमआरआय पिशवीत घेऊन माझ्याकडे आल्या. सुरुवातीलाच कोणीतरी "मणक्यात गॅप आहे" असे सांगितले होते आणि त्या धास्तीने त्यांनी बादली उचलणे, मांडी घालून बसणे, एसटीचा प्रवास, सगळे सोडून दिले होते. तिन्ही रिपोर्टांत फारसा फरक नव्हता, दुखणे मात्र कंबरेतून मानेपर्यंत पसरले होते. मी कापसाचा बोळा पाठीवरून हलकेच फिरवला, तर त्या अंग चोरून पुढे सरकल्या आणि मग संकोचाने म्हणाल्या, "परकराची नाडीसुद्धा बांधवत नाही हो, म्हणून हल्ली गाऊनच घालते." हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की दुखऱ्या जागेकडून संदेशांचा मारा झाला म्हणजे मज्जारज्जूचे कामच बदलते आणि मग साध्या स्पर्शालाही तो वेदनेसारखा प्रतिसाद देऊ लागतो. दुसरीकडे, १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्के लोकांची दोन मणक्यांमधली निदान एक तरी गादी फुगलेली आढळली. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता पहिल्याच भेटीत तपासली पाहिजे. बोथट टोकाने एकाच जागी सेकंदाला एक अशा दहा टोचण्या दिल्या, तर दहावी पहिलीपेक्षा किती जास्त दुखते? कंबरेपासून दूर, हाताच्या पंजावर अंगठ्याने दाबले तरी कळ येते का? झोप कशी आहे, उजेड आणि आवाज सोसतो का? एवढे विचारायला पंधरा मिनिटे पुरतात.

प्रतिसाद १ (अस्थिरोगतज्ज्ञ)

आपला हेतू चांगला आहे, पण "पहिल्याच भेटीत" या शब्दांना माझा ठाम विरोध आहे. पहिल्या भेटीत मी लघवी-संडासवरचा ताबा, मांड्यांच्या आतल्या बाजूचा बधिरपणा, पायातली कमी झालेली ताकद, ताप, उतरलेले वजन आणि पूर्वी झालेला कर्करोग यांची विचारपूस करतो. आपल्या देशात मणक्याचा क्षय ही पुस्तकातली गोष्ट नाही, आणि क्षयाने पोखरलेला मणका असलेल्या माणसाला "तुमची मज्जासंस्था हळवी झाली आहे" असे सांगणे हा अपराध ठरेल.

दुसरे असे, की आपण जी संवेदनशीलता मोजू म्हणता ती माणसात थेट मोजता येत नाही. सेंट्रल सेन्सिटायझेशन इन्व्हेंटरी या प्रश्नावलीत २५ प्रश्न आहेत आणि शंभरपैकी चाळीस गुण मिळाले की संवेदनशीलता वाढली असे मानतात. परंतु त्या गुणांचा मेळ दाबाच्या वा टोचणीच्या चाचण्यांशी फारसा बसत नाही, चिंता आणि नैराश्याशी अधिक बसतो. मग आपण नेमके काय मोजले?

प्रतिसाद २ (रुग्ण)

मला चोविसाव्या वर्षी कंबरदुखी सुरू झाली. पहाटे तीन-चारला जाग यायची, सकाळी तासभर पाठ लाकडासारखी असायची आणि चालल्याफिरल्यावर मोकळी व्हायची. साधा एक्स-रे नीट दिसला म्हणून मला सात वर्षे "टेन्शन घेऊ नका" एवढेच सांगितले गेले. शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी "सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो?" हा एकच प्रश्न विचारला आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या संधिवाताचे निदान झाले. धागाकर्त्या ताईंना माझी कळकळीची विनंती आहे, की संवेदनशीलता हा शब्द वापरण्याआधी एवढे तरी विचारत जा. माझी ती सात वर्षे आता परत मिळणार नाहीत.

प्रतिसाद ३ (रुग्णाची सून)

सासूबाईंना एका दवाखान्यात सांगितले, की दुखणे मणक्यात नसून मेंदूत आहे. घरी येईपर्यंत त्याचा अर्थ "दुखतच नाही" असा झाला होता आणि त्या दिवसापासून त्यांनी कण्हणेही बंद केले. तपासणी कोणतीही करा, पण ती कोणत्या शब्दांत सांगता हेही पाहा.

धागाकर्तीचे उत्तर

प्रतिसाद २ वाचून मी माझी केसपेपरची प्रश्नावली काढून पाहिली. सकाळच्या आखडलेपणाचा प्रश्न त्यात होता, तो किती वेळ टिकतो हा नव्हता. आज तो घातला. आपले मनापासून आभार.

डॉक्टरांचा धोक्याच्या लक्षणांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ती आधीच तपासायची. एकट्या त्या इन्व्हेंटरीवर निदान करू नये, हेही मान्य. पण "आधी सगळे वगळा, उरेल ते संवेदनशीलता" हा क्रम मला पटत नाही, कारण दोन्ही एकाच माणसात असू शकतात. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये इजेची वेदना आणि नसेची वेदना यांच्या जोडीला नोसिप्लास्टिक (इजा किंवा नसेचा बिघाड स्पष्ट दिसत नसताना, वेदना जाणवण्याची यंत्रणाच बदलल्याने होणारी वेदना) ही तिसरी जात मान्य केली, आणि या जाती एकमेकींत मिसळतात हेही मानले जाते. माझ्यासाठी हा नावाचा वाद नाही, व्यायामाच्या मात्रेचा आहे. त्या बाईंना मी इतरांसारखे चाळीस मिनिटे चालायला सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी त्या अंथरुणातून उठल्या नसत्या. आम्ही दहा मिनिटांवर सुरुवात केली. आणि त्यांना मी सांगितले, की दुखणे खरे आहे, फक्त धोक्याची घंटा गरजेपेक्षा लवकर आणि मोठ्याने वाजते आहे.

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

मात्रेचा मुद्दा मी मान्य करतो. त्या अंगाने मी विचार केला नव्हता. माझी एक अट मात्र कायम आहे. संवेदनशीलता वाढल्याची नोंद केसपेपरवर कराल, तेव्हा शेजारी फेरतपासणीची तारीखही लिहा. तोवर फरक पडला नाही किंवा नवे लक्षण दिसले, तर ती नोंद बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा. प्रतिसाद २ मधल्या रुग्णाच्या कागदावर सात वर्षांत अशी तारीख कोणी लिहिली नव्हती.